बागेतील जुन्या कुंपणाचे खांब: उपटावेत, कापावेत की तसेच सोडावेत?

मातकट
नमस्कार. आमच्या बागेच्या मागच्या बाजूला लाकडी कुंपण आहे. खरे तर होते असेच म्हणायला हवे, कारण फळ्या गेल्या दोन वर्षांत एकेक करून निखळल्या आणि आता नुसते खांब उरले आहेत. एकूण चौदा खांब आहेत, प्रत्येक साधारण १० सेंटिमीटर जाडीचा, चौकोनी आणि काँक्रीटमध्ये रोवलेला. त्यांपैकी नऊ शाबूत आहेत, तर पाच जमिनीलगत कुजून मोडले आहेत आणि त्यांचे खुंट काँक्रीटमध्येच अडकून बसले आहेत. माती चिकण आहे. शाबूत खांबांपैकी दोन एका मोठ्या झाडाच्या बुंध्याला जवळजवळ टेकलेले आहेत.

त्याच रेषेवर नवे कुंपण घालण्याचा विचार आहे. एका खांबाला धरून मी आणि माझ्या भावाने तासभर हिसडे दिले. खांब तसूभरही हलला नाही, भावाची कंबर मात्र हलली. हे खांब काँक्रीटसकट काढायला हवेत का, आणि काढायचे असतील तर भाडोत्री यंत्राशिवाय ते शक्य आहे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

घणाघात
शक्य आहे. मी सात काढले आहेत. आठव्याच्या वेळी मी बागकामाचा छंदच सोडून दिला.

कोरडवाहू
खांब उपटायची घाई करू नका, आधी माती सैल करा. आदल्या संध्याकाळी प्रत्येक खांबाभोवती आळे करून त्यात दोन-तीन बादल्या पाणी सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी खांब पुढे-मागे, मग डावीकडे-उजवीकडे असा हलवत राहावे. काही वेळाने काँक्रीट आणि माती यांच्यामध्ये बोटभर फट पडते. त्या फटीत पहार घालून हळूहळू वर उचलत गेले की काम होते. मी अशाच रीतीने सहा खांब एका सुट्टीत काढले.

ओळंबा
कोरडवाहू यांची पद्धत वालुकामय किंवा वाळून टणक झालेल्या जमिनीत उत्तम चालते. चिकण मातीत मात्र नुसते आळे भरून पाणी सोडण्याने काम अधिक अवघड होण्याची शक्यता आहे. त्यामागचे कारण हिशेबाने सांगतो, म्हणजे धागाकर्त्यांच्या भावाच्या कंबरेचे काय झाले तेही कळेल.

समजा, काँक्रीटचा ठोकळा ३० सेंटिमीटर व्यासाचा आणि ६० सेंटिमीटर खोल आहे. त्याचे घनफळ सुमारे ४२ लिटर होते. काँक्रीटचे वजन घनमीटरला साधारण २४०० किलो धरले आणि मधल्या लाकडाची जागा वजा केली, तर ठोकळा ९० किलोच्या आसपास भरतो. हे वजन दोन माणसांना अवघड असले तरी अशक्य नाही. खरी अडचण वजनाची नसून पकडीची आहे. ठोकळ्याची बाजू सुमारे साडेपाच हजार चौरस सेंटिमीटर आहे. मऊ, ओल्या चिकण मातीची पकड दर चौरस सेंटिमीटरला केवळ १०० ग्रॅम धरली तरी ती साडेपाचशे किलोंवर जाते. त्यात भर तळाची. ठोकळा वर उचलू लागताच त्याच्या तळाशी पोकळी तयार होऊ पाहते, पण ओली चिकण माती हवेला आत शिरू देत नाही. तळाचे क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर आहे आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो, म्हणजे अगदी टोकाच्या स्थितीत ही ओढ ७०० किलोंपर्यंत जाऊ शकते. चिखलात रुतलेला बूट ओढताना पाय बाहेर येतो आणि बूट आतच राहतो, तोच हा प्रकार आहे.

म्हणून चिकण मातीत काँक्रीटला चिकटून पहारीने तीन-चार उभी भोके थेट तळाच्या पातळीपर्यंत पाडावीत आणि पाणी त्या भोकांत सोडावे. खांब हलवत राहिले की पाणी तळाखाली शिरते, पोकळी भरते आणि ओढ सुटते. ती सुटल्याचा आवाजही येतो. तो आवाज ऐकल्याशिवाय वर ओढण्यात शक्ती घालवू नये.

कोरडवाहू
ओळंबा, आमची जमीन वालुकामयच होती. चिकण मातीचा अनुभव मला नाही, त्यामुळे तुमची दुरुस्ती मान्य करतो. आवाजाचे वर्णन मात्र आपण सभ्यपणे टाळलेले दिसते.

रानजाई
मला मूळ प्रश्नाचा पहिला भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. खांब काढायलाच हवेत का? आमच्याकडे हीच वेळ आली, तेव्हा आम्ही जुन्या खांबांच्या बरोबर मध्ये नवे खांब रोवले आणि जुने जमिनीखाली सुमारे १५ सेंटिमीटरवर कापून वर माती ओढून टाकली. दोन खांबांमधील अंतर २.४ मीटर होते, म्हणून नवी रांग १.२ मीटर सरकवून सुरू केली. त्यामुळे पहिला आणि शेवटचा गाळा अर्धा आला, इतकाच काय तो फरक पडला. आज कुंपणाकडे पाहून कोणालाही ते कळत नाही.

यात दुसराही फायदा आहे. जुना ठोकळा काढला की खड्डा मूळ मापाच्या दीडपट तरी रुंद होतो आणि आजूबाजूची माती भुसभुशीत होते. त्याच खड्ड्यात नवा खांब उभा केला तर एक तर जास्त काँक्रीट ओतावे लागते किंवा पहिल्या वादळात खांब कलतो. न हलवलेल्या मातीत रोवलेला खांब केव्हाही अधिक घट्ट बसतो.

मातकट
रानजाई, हा पर्याय माझ्या डोक्यातच आला नव्हता. मात्र कुंपणाच्या आतल्या बाजूने मला वाफे करायचे आहेत. तिथे खणताना कुदळ दर वेळी काँक्रीटवर आपटेल, ही शंका आहे.

रानजाई
वाफे असतील तर तेवढ्या भागातले खांब काढा आणि उरलेले कापा. चौदाही खांबांना एकच न्याय लावायला हवा असे कुठे आहे?

चौथाखांब
कापून सोडलेल्या लाकडात वाळवी लागते, याचा विचार कोणी केला आहे का? आमच्या बागेत असा एक खुंट राहिला होता आणि वाळवीचा मातीचा बोगदा तिथून निघून थेट अवजारांच्या खोलीच्या दाराच्या चौकटीपर्यंत गेला होता. घर किंवा लाकडी बांधकाम जवळ असेल तर खुंट जमिनीत ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिरकसराव
खांबालाच पालवी फुटली तर काय करावे? आम्ही गिरिपुष्पाचे ओले डांभ कुंपणाला ठोकले होते. आता कुंपण काढायचे म्हटले तर वृक्षतोडच करावी लागेल.

रानजाई
तिरकसराव, गिरिपुष्प आणि पांगारा यांचे ओले डांभ मूळ धरतात म्हणूनच ते जिवंत कुंपणासाठी वापरतात. तुमचे कुंपण बिघडले नसून नियमाप्रमाणे चालले आहे.

जुनीपहार
धागाकर्त्यांचे पाच मोडके खुंट मला जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण उभ्या खांबाला निदान धरायला जागा असते. खांब नेमका जमिनीलगतच का मोडतो, हे आधी लक्षात घ्यावे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा या दोन्ही गोष्टी लागतात. वरचा भाग वाळत राहतो आणि लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असला तर बुरशी सहसा वाढत नाही. खोल भागात ओलावा असतो, पण हवा फारशी पोहोचत नाही. जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात मात्र दोन्ही मिळतात. म्हणजे वर कुजलेला दिसणारा खुंट आत अनेकदा चांगला घट्ट असतो, आणि तेच आपल्या कामाचे आहे.

वरचा कुजका भाग छिन्नीने खरवडून टाकावा. खाली टणक लाकूड लागले की त्यात भोक पाडून जाड, लांब आट्याचा कडीचा बोल्ट घट्ट बसवावा. त्या कडीत साखळी अडकवून वर उचलता येते. लाकूड पूर्ण भुसभुशीत झाले असेल तर नाद सोडावा आणि काँक्रीटलाच साखळीचा वेढा द्यावा, त्यासाठी अर्थातच बाजूने अर्ध्या खोलीपर्यंत खणावे लागते.

आणखी एक युक्ती अशी की, काँक्रीट अखंड आणि ओळंब्यात असेल तर आतले लाकूड भोके पाडून, कोरून बाहेर काढावे. चौकोनी साचा तयार मिळतो आणि त्याच मापाचा नवा खांब त्यात बसतो. मी तीन खांब असे बदलले; प्रत्येकाला अर्धा दिवस लागला, पण खणावे अजिबात लागले नाही. तळाला पाणी साचत असेल तर मात्र असे करू नये, नाही तर नवा खांबही जुन्याच्याच वाटेने जाईल.

सांधेदुखी
उचलायची साधने कोणती, हे कोणीतरी नीट सांगा. पहार माझ्याकडे आहे, पण ती उचलण्यापूर्वी मलाच कोणी उचलावे लागते.

ओळंबा
सांधेदुखी, तुमच्यासाठी जॅक हेच उत्तर आहे, पण आधी तरफेबद्दल सांगतो. दोन मीटरची पहार घेऊन टोकापासून २० सेंटिमीटरवर टेकू दिला तर लांब बाजू १८० सेंटिमीटर उरते, म्हणजे जोर नऊपट होतो. लांब टोकावर ४० किलोंचा भार दिला की दुसऱ्या टोकाला ३६० किलो मिळतात. वरच्या हिशेबातली सगळी पकड शाबूत असेल तर ही तरफ पुरणार नाही. तळाची ओढ सुटली आणि एक बाजू खणून मोकळी केली की पुरते. टेकू म्हणून विटेचा वापर करू नये, ती फुटते. लाकडाचा जाड ठोकळा घ्यावा आणि तो मातीत दबू नये म्हणून त्याखाली फळी ठेवावी.

जॅकच्या बाबतीत उभ्या खांबासाठी सर्वांत सोपी रीत अशी आहे: खांबाला दोन्ही बाजूंनी एकेक आडवा वासा आरपार बोल्टने घट्ट कसावा, त्या वाशांच्या दोन टोकांखाली दोन बाटली जॅक उभे करावेत, जॅकखाली रुंद फळ्या ठेवाव्यात आणि दोन्ही जॅक आळीपाळीने थोडे थोडे चढवावेत. एकच जॅक एका बाजूला लावला तर खांब तिरपा होऊन खड्ड्यातच आवळला जातो. जॅकची उंची संपली की ठोकळे देऊन पुन्हा सुरुवात करावी. काम संथ चालते, पण कोणत्याही क्षणी थांबता येते.

वेगवान
इतका खटाटोप कशाला करायचा? गाडीला दोर बांधावा आणि ओढावे. पाच मिनिटांचे काम आहे.

घणाघात
वेगवान, मी ते पाच मिनिटांचे काम केलेले आहे. गाडी आडवी ओढते आणि खांबाला वर यायचे असते, हे मला तेव्हा सुचले नाही. पहिला खांब जमिनीलगत कडकन मोडला आणि ज्याला निदान धरता येत होते त्याचा खुंट झाला. दुसऱ्या वेळी नायलॉनचा दोर घेतला. ताण आला की तो दोर बराच लांबतो आणि तुटला की साठलेला सगळा जोर एका क्षणात मोकळा होतो. तुटलेले टोक माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर आले. मी आत बसलो होतो म्हणून बचावलो. बाहेर खांबाशेजारी उभा राहून "अजून थोडे" असे ओरडणारा नेहमीचा मदतनीस त्या दिवशी सुदैवाने आला नव्हता.

जुनीपहार
ओढायचेच असेल तर दिशा बदलण्याची सोय करावी लागते. गाडीचे जुने चाक रिंगसह खांबाच्या अगदी जवळ उभे करतात, साखळी खांबाच्या मुळाशी बांधून चाकावरून पलीकडे नेतात आणि मग ओढतात. आडवी ओढ चाकाच्या माथ्यावरून वळून वरच्या दिशेने लागते. हे मी पाहिले आहे आणि ते चालते, परंतु घरच्या बागेत मी ते सुचवणार नाही. चाक निसटू शकते, साखळीची कडी उलगडू शकते आणि त्या रेषेत कोणी उभे असेल तर परिणाम वाईट होतो. तीन मजबूत वाशांची तिकाटी आणि तिला टांगलेला साखळीचा कप्पी-पाळणा हे त्यापेक्षा कितीतरी निर्धोक आहे. मात्र वाशांचे पाय दोराने एकमेकांना बांधून ठेवावेत, कारण भार आला की ते बाहेर फाकतात.

अंगणवासी
सर्वांनी उत्साहाने पहार हाती घेतली आहे, म्हणून थोडे मध्येच थांबवते. कुंपणाच्या रेषेलगत विजेची केबल, पाण्याचा नळ किंवा गॅसची वाहिनी गेलेली असू शकते, विशेषतः बागेत दिवे किंवा फाटकाजवळ घंटी असेल तर. ओळंबा यांनी सांगितलेली तळापर्यंतची भोके पाडण्याआधी जमिनीखाली काय आहे, याची संबंधित सेवांकडे चौकशी करावी. केबल नियमाप्रमाणे पुरेशी खोल घातलेली असेल असे गृहीत धरू नये; वरची माती वाहून गेली किंवा कोणी बाग सपाट केली तर ती पुष्कळ वर येते.

दुसरे म्हणजे कुंपण नक्की कोणाचे आहे? खांब म्हणजे अनेकदा हद्दीची एकमेव खूण असते. ती उपटण्याआधी शेजाऱ्यांशी बोलावे, दोन पक्क्या ठिकाणांपासून प्रत्येक खांबाचे अंतर मोजून लिहून ठेवावे आणि छायाचित्रे काढावीत. आम्ही हे केले नाही. आमच्या नव्या कुंपणाची जागा हातभर सरकली आहे की नाही, यावर आमच्या शेजारी आजही दोन मते आहेत आणि दोन्ही मते आमच्या विरोधात आहेत.

ओळंबा
अंगणवासी, केबलची सूचना माझ्याच पहिल्या प्रतिसादात यायला हवी होती. धन्यवाद.

लोखंडी
लाकडाबद्दल बरेच झाले. आमच्याकडे लोखंडी अँगलचे खांब आणि काटेरी तार आहे, काही ठिकाणी पोकळ पाइपही आहेत. त्यांचे काय करावे?

जुनीपहार
आधी तार. काटेरी तार ताणलेली असताना मधोमध कापू नये. जोसेफ ग्लिडन यांनी १८७४ साली पेटंट घेतलेल्या रचनेत दोन तारांचा पीळ काट्यांना जागच्या जागी धरून ठेवतो. ती रचना आजही चालते, आणि जुन्या वेटोळ्याची सवय त्या तारेत अनेक वर्षे टिकते. कापताच ती गुंडाळत परत येते आणि वाटेत हात असो की चेहरा, पाहत नाही. टोकाच्या खांबाशी ताण सैल करावा, जाड हातमोजे आणि चष्मा घालावा, कापताना तारेच्या रेषेत उभे राहू नये.

गोल पाइप असेल तर पाइप-पान्याने तो जागच्या जागी फिरवावा. पाव वळसा मिळाला तरी गंजाने धरलेली माती सुटते आणि मग तो सरळ वर येतो. अँगल फिरवता येत नाही. त्याला घणाने चारही बाजूंनी ठोके देऊन जागा सैल करावी, मग जमिनीलगत साखळीचा फास टाकून जॅकने उचलावा. अँगलच्या कडेवर साखळी घसरत असेल तर तिथे एक भोक पाडून बोल्ट घालावा. ग्राइंडरने कापणार असाल तर आजूबाजूचे वाळलेले गवत आधी काढून पाणी शिंपडावे, कारण ठिणग्या काही मीटर सहज उडतात.

निवांत
पोकळ पाइप जमिनीत ठेवायचे ठरवले, तर त्यांची तोंडे अवश्य बंद करावीत. घर करण्यासाठी ढोली शोधणारे लहान पक्षी आत उतरतात आणि गुळगुळीत भिंतींमुळे त्यांना वर येता येत नाही. अमेरिकेतील नेवाडा राज्यात खाणींच्या हद्दी दाखवणाऱ्या पोकळ प्लॅस्टिकच्या खांबांमध्ये असे पक्षी मोठ्या संख्येने मेलेले सापडले होते. शिवाय उघड्या पाइपमध्ये गांधीलमाश्याही घर करतात. पाना लावून पाइप हलवल्यावर ते कळण्यापेक्षा आधी डोकावून पाहिलेले बरे.

सांधेदुखी
काढलेल्या लाकडाची शेकोटी केली तर चालेल ना?

चौथाखांब
मुळीच नाही. जुने खांब टिकावेत म्हणून बहुधा रसायन पाजलेले असतात. त्यांतले एक म्हणजे तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण. ते भारतीय शास्त्रज्ञ सोंटी कामेसन यांनी १९३३ मध्ये शोधून काढले आणि पुढे जगभर वापरले गेले. अमेरिकेत घरगुती वापराच्या बहुतेक लाकडांसाठी उत्पादकांनी ते २००३ च्या अखेरीस थांबवले, पण त्याआधीचे खांब अजून जमिनीत आहेतच. नव्या लाकडावर त्याची हिरवट झाक दिसते, जुन्यावर ती उडून जाते, त्यामुळे रंगावरून खात्री देता येत नाही. असे लाकूड जाळले तर आर्सेनिकचा काही भाग धुरात जातो आणि उरलेला राखेत राहतो, आणि ती राख झाडांना घातली तर विष वाफ्यात कालवल्यासारखे होईल. डांबरी वासाचे, काळपट क्रिओसोट पाजलेले खांबही जाळू नयेत. दोन्ही प्रकार पालेभाजीच्या वाफ्याची कड म्हणूनही वापरू नयेत.

सांधेदुखी
शेकोटी रद्द. सांध्यांना दुसरा शेक शोधतो.

मातकट
सर्वांचे आभार. गेल्या तीन सुट्ट्यांत जे झाले ते सविस्तर लिहितो.

प्रथम शेजाऱ्यांशी बोललो, मोजमापे घेतली आणि जमिनीखाली काय आहे याची चौकशी केली. बागेतल्या दिव्याची केबल सहाव्या खांबाच्या अगदी जवळून गेलेली निघाली. अंगणवासी, तुमच्या त्या प्रतिसादाशिवाय मी तिथे डोळे झाकून पहार मारली असती. त्या खांबाच्या वेळी वीज बंद ठेवली आणि हाताच्या खुरप्याने खणले.

उरलेल्या उभ्या खांबांना पहारीने भोके पाडून पाणी सोडले. पहिला खांब अर्धा तास हलवल्यावर तो सुप्रसिद्ध आवाज आला आणि भाऊ व मी दोघेही लहान मुलांसारखे हसलो. दोन जॅकची पद्धत सर्वांत उपयोगी पडली. मात्र ठोकळे एकसारखे निघाले नाहीत. काही जेमतेम ४० सेंटिमीटर खोल होते, तर कोपऱ्यातला खाली फुगलेला होता, मडक्यासारखा. तो वर येईचना. शेवटी एका बाजूने उतरता चर खणून तो आडवा पाडला आणि फळीवरून लोळवत बाहेर काढला. उचलण्यापेक्षा लोळवणे किती सोपे असते, हे आधी कळले असते तर पहिले चार खांबही तसेच काढले असते.

मोडक्या पाच खुंटांपैकी दोनांत कडीचा बोल्ट धरला, तिसऱ्यात लाकडाचा भुगा झाला. त्या तिसऱ्याचे आणि उरलेल्या दोघांचे काँक्रीट घणाने फोडले.

घणाघात
फोडताना मधोमध मारले की कडेला? मी माझ्या सातव्या ठोकळ्याच्या वेळी मधोमध मारत बसलो होतो आणि घणच उसळून परत येत होता.

मातकट
सुरुवातीला मधोमधच मारले, आणि तोच अनुभव आला. कडेची माती काढून ठोकळ्याची कड मोकळी केली आणि तिथे मारले, तेव्हा तुकडे पडू लागले.

ओळंबा
बरोबर आहे. काँक्रीट दाब चांगला सोसते, पण ताण सोसत नाही. चारही बाजूंनी माती दाबून धरत असेल तर फुटायला जागाच नसते. डोळ्यांवर चष्मा होता, अशी आशा करतो.

मातकट
होता. त्याच्या काचेवर आलेला ओरखडा पाहिल्यावर तो नसता तर काय झाले असते, याचा विचार मी टाळतो आहे.

रानजाई
झाडाजवळच्या दोन खांबांचे काय केलेत? तिथे खणले नसावे, अशी इच्छा आहे. झाडाची बहुतेक मुळे वरच्या ६० सेंटिमीटर मातीतच पसरलेली असतात, म्हणजे नेमकी ठोकळ्याच्या खोलीत, आणि अंगठ्याएवढ्या जाडीची मुळे तोडली तर झाड लगेच काही बोलत नाही, दोन-तीन वर्षांनी बोलते.

मातकट
नाही खणले. ते दोन्ही खांब जमिनीलगतच्या मातीचा थर हाताने बाजूला करून कापले आणि पुन्हा झाकले. एका ठिकाणी जुनी तार बुंध्यात पूर्ण शिरलेली होती. ती ओढून काढण्याच्या मोहात न पडता दोन्ही बाजूंनी कापली. नव्या कुंपणाचा तिथला गाळा लांब ठेवून झाडाला जागा सोडणार आहे.

एक खांब मुद्दाम ठेवला आहे. तो पूर्ण ओळंब्यात, निकोप आणि वेलीने वेढलेला आहे. त्यामुळे हिशेब असा: अकरा काढले, दोन कापले, एक राहिला.

तिरकसराव
त्या एकाच्या मुळाशी पाणी घालत जा. पालवी फुटली तर कळवा.

निवांत
खड्डे रात्रभर उघडे ठेवले नाहीत ना? आमच्या बागेतल्या एका खड्ड्यात कुत्र्याचे पिल्लू पडले होते आणि सकाळपर्यंत साऱ्या आळीला जाग होती.

मातकट
फळ्या टाकून वर दगड ठेवले होते. आता भरायला घेतले आहेत, पण एक गणित माझे चुकले. खणून काढलेली सगळी माती परत टाकली तरी प्रत्येक खड्डा अर्धा रिकामाच राहतो आहे.

ओळंबा
काँक्रीट बाहेर गेले, तेवढी जागा कशाने भरणार? अकरा ठोकळे प्रत्येकी ४२ लिटर धरले तर साडेचारशे लिटरहून अधिक माती कमी पडते; तुमचे काही ठोकळे उथळ होते, म्हणून थोडी कमी धरा. फुटलेले काँक्रीट खड्ड्यात परत टाकण्याचा मोह होईल. वाफ्यांच्या जागी तो टाळावा, कारण पुन्हा कुदळ त्यावरच आपटेल. माती १५ सेंटिमीटरच्या थरांनी भरावी, प्रत्येक थर जरा ओलसर करून पहारीच्या बोथट टोकाने चोपावा आणि वर चार-पाच सेंटिमीटर उंचवटा ठेवावा, कारण पहिल्या पावसात तो खाली बसणारच.

कोरडवाहू
नव्या खांबांचे खड्डे खणाल, त्यांची माती इथेच वापरा. रानजाईंच्या पद्धतीने अर्धा गाळा सरकवून खांब घेणार असाल तर दोन्ही कामे शेजारी-शेजारीच होतील आणि घमेले फार लांब न्यावे लागणार नाही.

मातकट
हे सुचायला हवे होते. नवे खड्डे उद्यापासून खणतो. भाऊ येतो म्हणाला आहे, पण या वेळी घमेले तो धरणार आणि पहार मी, असे ठरले आहे.